म्हातारपण वयाने येते की कष्टाने?

आपल्यातला साठीचा निवृत्त अधिकारी आज केस काळे करून मैदानाला फेऱ्या मारतो. कुणी ‘आजोबा’ म्हटले तर त्याला राग येतो. त्याच्या आजीला मात्र चाळिशीतच सारी वस्ती म्हातारी म्हणत होती. तिला त्याचे वाईटही वाटत नव्हते. म्हातारी झाली म्हणजे जगली, एवढाच त्याचा अर्थ! 1951 च्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान जेमतेम 32 वर्षे होते. माता रमाई वयाच्या 37 व्या वर्षी गेल्या, अण्णाभाऊ साठे 48 व्या.

दोन पिढ्यांत म्हातारपण लांबले ते नशिबाने नव्हे. शिक्षण, नोकरी, दवाखाना आणि पोटभर अन्न मिळाले म्हणून. बाबासाहेब मजूरमंत्री असताना 1946 साली कारखान्यातले काम आठवड्याला 48 तासांवर आले, म्हणूनही.

पण उसाच्या फडात आणि गटारात राबणारा आपला माणूस आजही पंचेचाळिशीत साठीचा दिसतो. ऐन तारुण्यात गर्भाशय काढलेल्या बीडच्या ऊसतोड बायकांचा प्रश्न 2019 साली विधिमंडळात गाजला. सरकार मात्र जन्मतारीख बघते. केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन साठीनंतर मिळते, तीही ऐंशीपर्यंत महिना 200 रुपये!

बांधवांनो, आपले तारुण्य लांबले ते चळवळीमुळे. तेव्हा अंगमेहनत करणाऱ्यांच्या पेन्शनचे वय त्यांच्या कष्टावरून ठरवा, ही मागणी आता आपणच लावून धरली पाहिजे.