शब्द आणि व्यवहार : ग्रामण्य

जातीचा आचारनियम मोडल्याचा आरोप ठेवून एखाद्या माणसाविरुद्ध, घराविरुद्ध किंवा सबंध जातीविरुद्ध चालवलेले प्रकरण म्हणजे ग्रामण्य. चार लोकांनी नाके मुरडली, पाठीमागे कुजबुज केली, एवढ्याने ग्रामण्य होत नसे. ते कुणीतरी उभे करावे लागे. तक्रार, चौकशी, निर्णय अशा पायऱ्या त्याला असत आणि मिटवायचे तर तेही रीतीनेच, प्रायश्चित्त देऊन. ‘बहिष्कार’ किंवा ‘वाळीत टाकणे’ ही त्यातली शिक्षा. ग्रामण्य म्हणजे सगळा खटलाच.

शिक्षेचा जोर पंक्तीत होता. आरोपीच्या घरी कुणी जेवायचे नाही, त्याला आपल्या पंक्तीला घ्यायचे नाही, त्याच्याशी सोयरीक करायची नाही. भिक्षुक बंद झाला की मुंज, लग्न, श्रावणी सगळेच अडे. श्राद्धाला पाने मांडायची, पण त्यावर बसायला ब्राह्मण कुठून आणायचे? माणूस स्वतः कितीही निगरगट्ट असला तरी घरातली म्हातारी माणसे आणि लग्नाच्या मुली त्याला नमवत. सरकारी नोकरीतला आजचा ठपका, म्हणजे शिस्त व अपील नियमांतली किरकोळ शिक्षा, सेवापुस्तकात नोंदला जातो. ग्रामण्याची नोंद स्वयंपाकघरात होई.

इंग्रजी अमदानीत या शिक्षेमागचे राज्यसत्तेचे बळ गेले. १८५० च्या कायद्याने जात गेली तरी वारसाहक्क जाणार नाही, असे ठरले. पण मुंबई इलाख्यात १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनने जातीच्या अंतर्गत प्रश्नांत दिवाणी कोर्टांनी पडू नये, अशीही तजवीज करून ठेवली होती. मालमत्ता सुरक्षित झाली, पंक्ती मात्र जातीच्याच हाती राहिली. त्यामुळे छापखाने, कॉलेजे आणि सार्वजनिक सभा आलेल्या पुण्यातही ग्रामण्य चालू शकले.

त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण चहाचे आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोपाळ कृष्ण गोखलेही होते. कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटे आली. कुणी चहा घेतला, कुणी यजमानांचे मन राखायला पेला नुसता हातात धरला. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली. गोपाळरावांना सनातन्यांचा कैवार होता असे नाही. सुधारक म्हणवणाऱ्यांची फजिती पाहण्याची हौस त्यांना अधिक असावी.

नावे छापली गेल्यावर सनातनी पक्षाने प्रकरण शंकराचार्यांकडे नेले. त्यांनी चौकशीसाठी शास्त्र्यांचे कमिशन पुण्यास पाठवले. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या घरचा चहा पिणे, तो न पिता नुसता घेणे आणि तेथे हजर असणे यांतला भेद धर्मशास्त्राच्या आधारे करायचा होता. हे आज हास्यास्पद वाटते, पण त्या काळी यावर खरोखर साक्षी-पुरावे आणि युक्तिवाद झाले. टिळकांनी वकिली बाण्याने बाजू लढवली. शंकराचार्यांचा अधिकार त्यांनी नाकारला नाही. आपण काशीस प्रायश्चित्त घेतले आहे, असे त्यांनी सांगितले. ते कट्टर सनातन्यांना पटले नाही आणि टिळकांच्या घरच्या धर्मकृत्यांना भिक्षुक मिळण्याची अडचण पुढेही राहिली.

रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. त्यांना स्वतःला त्याची गरज वाटत नव्हती, पण त्यांच्या बरोबरच्या मंडळींची घरची कुचंबणा संपावी म्हणून ते त्यांच्यात सामील झाले. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत हा प्रसंग सांगितला आहे. सुधारकांनी याला माघार म्हटले. त्यात तथ्य आहे. पण ग्रामण्याचा खरा मार कुठे बसत असे, हे रानड्यांच्या या निर्णयातूनच सर्वांत स्पष्ट कळते. शास्त्रार्थात न हरणारा माणूसही मित्राच्या घरातल्या अबोल्यापुढे हरू शकत असे.

ग्रामण्य नेहमी व्यक्तीवरच होई असे नाही. वेदोक्त कर्माचा अधिकार कुणाला, यावरून अख्ख्या जातींवर ग्रामण्ये झाली. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंवर अशी वारंवार झाली. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१९ मध्ये त्यांचा साद्यंत इतिहास लिहिला. तो तटस्थ नाही, तसा दावाही नाही; पण शब्दाचा हा सामुदायिक अर्थ समजायला तो उपयोगी पडतो.

विसाव्या शतकात हा शब्द बोलण्यातून गेला, व्यवहार मात्र निरनिराळ्या जातपंचायतींत टिकला. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कृतीला बंदी करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. पुढे महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा संमत केला. तो जुलै २०१७ पासून अमलात आहे. धार्मिक विधींना अटकाव, स्मशानभूमी वापरू न देणे, सामाजिक संबंध तोडायला लावणे हे सारे त्यात गुन्हे आहेत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुण्यातही या कायद्याखाली गुन्हे दाखल झाले आहेत.