जंत, कॅन्सर आणि खर्रा

नागपुरात अंगणवाडीत, शाळेत जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोलची गोळी दिली की एक शंका हटकून निघते: जंत राहिले तर पुढे कॅन्सर होतो का? भीती निराधार नाही, पण तिचा रोख चुकलेला आहे.

गैरसमज : पोटातल्या जंतांमुळे कर्करोग होतो.

आपल्याकडच्या मुलांच्या पोटात सापडतात ते मुख्यतः गोलकृमी, अंकुशकृमी आणि चाबूककृमी. ते रक्त कमी करतात, वाढ खुंटवतात, म्हणून गोळी घ्यायलाच हवी. पण कर्करोगाचं खापर त्यांच्यावर फोडता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवतात असं ठामपणे सांगितलेले कृमी तीनच, आणि तिन्ही चपटे पर्णकृमी. त्यातल्या दोघांवर 1994 मध्ये शिक्कामोर्तब झालं, तिसऱ्यावर 2009 मध्ये. दोन जण कच्च्या किंवा अर्धकच्च्या गोड्या पाण्यातल्या माशांतून यकृताच्या पित्तनलिकांत शिरतात. एक थायलंड-लाओसकडचा, दुसरा चीन-कोरियाकडचा. नीट शिजलेल्या मासळीच्या रश्श्यातून ते येत नाहीत.

तिसरा शिस्टोसोमा हिमॅटोबियम, मुख्यतः आफ्रिका आणि पश्चिम आशियातला. त्याची पिल्लं गोगलगायीतून पाण्यात उतरतात आणि पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात. पुढे मादीची अंडी मूत्राशयाच्या भिंतीत अडकतात. वर्षानुवर्षं तिथे सूज येते, जखम होते, ती भरून काढायला पेशी पुन्हा पुन्हा विभागत राहतात, आणि त्या विभागणीत कधीतरी कर्करोगाची सुरुवात होते. एका रात्रीत किंवा एका जंताने हे घडत नाही.

गैरसमज : मग शिस्टोसोमाचा हा आजार महाराष्ट्रात कधी आलाच नाही.

आला होता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाण्याच्या या आजाराचं केंद्र गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी 1952 मध्ये जगासमोर मांडलं. विदर्भाला त्यातून घाबरण्याचं कारण नाही. मात्र इजिप्त, सुदान किंवा पूर्व आफ्रिकेत राहून आलेल्या कुणाला लघवीत रक्त दिसलं, तर त्या मुक्कामाची गोष्ट डॉक्टरांना आठवणीने सांगावी.

गैरसमज : जंताच्या औषधाने कॅन्सर बरा होतो.

मोबाइलवर फिरणारे हे संदेश मला सर्वांत घातक वाटतात. त्यांतलं फेनबेंडाझोल हे जनावरांच्या जंतांचं औषध. काचपात्रातल्या पेशींवर आणि उंदरांवर काही परिणाम दिसले म्हणजे माणसाचा कर्करोग बरा होतो असं नव्हे. ते सिद्ध झालेलं नाही. अशी औषधं मनाने घेऊन यकृताला इजा झालेली आहे, आणि त्या नादात उपचाराचे मोलाचे महिने निघून जातात.

खरी भीती दुसरीकडे आहे. कर्करोग संशोधन संस्थेच्या ज्या यादीत ते तीन कृमी आहेत, त्याच यादीत, माणसात कर्करोग नक्की घडवणाऱ्यांच्या त्याच पहिल्या गटात तंबाखू आहे आणि नुसती सुपारीसुद्धा. आपला खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना. राज्यात 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी पानठेल्यावर खर्रा घोटला जातोच. लेकराच्या पोटातल्या जंताची काळजी करणाऱ्या घरात वडिलांच्या खिशात खर्र्याची पुडी असते, हे मला फार खुपतं. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पूर्वीसारखं न उघडणं, यातलं काहीही दिसलं तर शासकीय दंत महाविद्यालयात किंवा राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात तोंड दाखवून घ्या. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला ते बहुधा दुखतच नाही.