येडशीचा वाघ आणि स्कॉटलंडचे दोन ओर्का

२०२४ च्या डिसेंबरात येडशी-रामलिंग घाट अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात वाघ दिसला आणि धाराशिव-बार्शी पट्ट्यात एकच चर्चा सुरू झाली. पट्ट्यांवरून ओळख पटली: यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला नर, वय तीनच्या आसपास. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, आणि एकाच वाघाच्या डाव्या-उजव्या कुशीचेही जुळत नाहीत. म्हणून फोटोत कोणती कूस आलीय हे आधी पाहायचं आणि त्याच कुशीच्या जुन्या फोटोंशी एकेक पट्टा ताडून बघायचा. टिपेश्वर ते येडशी नकाशावर सरळ रेघ ओढली तरी तीनशे किलोमीटरच्या वर भरते, आणि वाघ काही रेघेवरून चालत नाही.

गोठ्यांवर हल्ले झाले, पंचनामे झाले. २०२५ च्या सुरुवातीला ताडोब्याहून बचाव पथक आलं, आठवडेच्या आठवडे गेले, वाघ गुंगारा देत राहिला. बेशुद्धीचं इंजेक्शन मारायचं तर जनावर जवळच्या टप्प्यात आणि समोर मोकळं दिसावं लागतं. काटेरी झुडपांनी भरलेल्या घळीत हे जमणं कठीणच. सगळ्यांचा प्रश्न एकच होता, ‘पकडणार कधी?’ मला मात्र दुसराच प्रश्न महत्त्वाचा वाटतो: या वाघाला इथे जोडीदार कुठून मिळणार?

नर बछडे मोठे झाले की आईच्या मुलखातून दूर जातात. माद्या बहुधा आईच्या आसपासच हद्द धरतात. टिपेश्वर तर अवघं दीडशे चौरस किलोमीटरांचं, तिथे तरण्या नरांची दाटी होते. २०१९ मध्ये तिथला एक नर रेडिओ कॉलरसह निघाला आणि हजाराहून अधिक किलोमीटर भटकून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. २०२१ मध्ये दुसरा एक गौताळा अभयारण्यात दिसला. तिघेही नर. येडशीचं अभयारण्य जेमतेम बावीस चौरस किलोमीटर, भोवती ज्वारी-सोयाबीनची शेतं, उसाचे फड आणि सोलापूर-धुळे महामार्ग. वाघीण इथवर आपण होऊन येण्याची शक्यता फारच कमी.

अशीच गत समुद्रात काही ओर्कांची झालेली आहे. ‘किलर व्हेल’ म्हणून प्रसिद्ध असले तरी ओर्का हे डॉल्फिनच्या कुळातले सर्वांत मोठे सदस्य. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका टोळीत आता जॉन को आणि अॅक्वेरियस नावाचे दोन नर तेवढे नियमित दिसतात. अभ्यास सुरू झाल्यापासून, म्हणजे १९९० च्या दशकापासून, या टोळीत एकही पिल्लू दिसलेलं नाही. टोळीतली लुलू ही मादी जानेवारी २०१६ मध्ये टायरी बेटावर मेलेली सापडली. दोरखंडात अडकून ती मेली होती, पण तपासणीत तिच्या चरबीत पीसीबी हे रसायन धोक्याच्या मर्यादेच्या सुमारे शंभरपट निघालं. ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वगैरे पूर्वी वापरलं जाणारं हे रसायन अमेरिका-ब्रिटनने चाळीसहून अधिक वर्षांपूर्वीच बंद केलं. पण ते सहजासहजी विघटित होत नाही, माशांतून सीलमध्ये आणि सीलमधून ओर्कामध्ये साठत जातं. प्रजननावर घाला घालतं. लुलू वयाने चांगली प्रौढ होती, तरी तिला कधी पिल्लू झाल्याचं दिसलं नाही. ती आई झाली असती तर दुधावाटे बरंचसं विष पिल्लाला गेलं असतं, ही आणखी एक क्रूर गोष्ट.

उत्तर अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावरच्या ‘सदर्न रेसिडेंट’ टोळ्यांत सत्तर-पंचाहत्तर ओर्का आहेत. १९६०-७० च्या दशकांत मत्स्यालयांसाठी त्यांतले चाळीसहून अधिक पकडून नेले. उरलेल्यांना चिनूक जातीचा सालमन मासा पुरेसा मिळत नाही, जहाजांच्या गोंगाटात शिकार ऐकू येत नाही. त्यात नात्यातल्या नात्यात पैदास होत असल्याने पिल्लं कमजोर निघतात. त्याच पाण्यात सील खाणारे दुसरे ओर्का फिरतात, पण हे त्यांच्याशी जोडी लावत नाहीत. भाषा वेगळी, खाणं वेगळं. या टोळ्यांतल्या ओर्कांची मुलं-मुली दोन्ही आयुष्यभर आईच्याच टोळीत राहतात. घरातून बाहेर पडायची रीतच नाही. मला वाटतं, ही कोंडी त्यांच्या स्वभावातच आहे. वाघाच्या बाबतीत मात्र ती आपण घातलेली आहे.

म्हणूनच आकड्यांवर माझा फारसा विश्वास नाही. अमुक अभयारण्यात तीन वाघ म्हणजे भरभराट, असं बातमीत छापून येतं. ते तिन्ही नर असले तर पुढच्या पिढीच्या हिशेबात ती संख्या शून्यच. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात हेच झालं होतं. नर चालत आले, मादी नव्हती. अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्यातून एक वाघीण गाडीने तिथे हलवावी लागली. ओर्काला असं उचलून दुसऱ्या टोळीत सोडता येत नाही. परकी मादी टोळी स्वीकारेल याची काहीच खात्री नाही.

येडशीच्या वाघाचं पुढे काहीही होवो, इथल्या बालाघाटच्या डोंगररांगेत येणारा पुढचा वाघही बहुधा टिपेश्वरचा तरणा नरच असेल. त्याला वाटेत दिवसा लपायला झाडोरा आणि महामार्ग ओलांडायला भुयारी वाट लागेल. पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ खाली अशा वाटा बांधल्यात, आणि वाघ त्या वापरतात. आणि ज्याची गाय गेली त्या शेतकऱ्याला पंचनाम्यानंतर भरपाईसाठी महिनोन्महिने चकरा माराव्या लागल्या, तर तो त्या वाघाकडे शत्रू म्हणूनच पाहणार.