डोलकाठीचे तणावे

मुंबईस अपोलो बंदरावर संध्याकाळीं फिरावयास जाणाऱ्या मंडळींना समोरच्या पाण्यांत नांगरलेल्या शिडाच्या नौका दिसतात. शिडें गुंडाळलेलीं असलीं म्हणजे त्यांत पाहण्यासारखें फारसें कांहीं नाहीं असें पुष्कळांस वाटतें. एक उंच काठी आणि तिच्या भोंवतीं चार-सहा बारीक रेघा, एवढेंच काय तें डोळ्यांत भरतें. परंतु ज्याला नौकेची पारख आहे असा मनुष्य प्रथम त्या रेघांकडेच पाहतो. त्या पोलादी तारा होत. तंबूचा खांब उभा ठेवणाऱ्या दोऱ्यांना मराठींत तणावे म्हणतात. या तारांचें कामही तेंच असल्यामुळें त्यांनाही तणावे म्हणणें सोईचें होईल. फरक इतकाच कीं, तंबूच्या खुंट्या जमिनींत ठोकलेल्या असतात, आणि नौकेच्या तणाव्यांच्या खुंट्या मात्र तिच्या स्वतःच्याच अंगांत असतात. तणावा जितका ओढावा तितकी नौकाच ओढली जाते. नौका जुनी असली म्हणजे ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते, आणि नेमकी तीच विसरली जाते.

नौकेवर दोर दोन प्रकारचे असतात. शीड चढविणारे, उतरविणारे, आवळणारे दोर सतत हलत असतात. तणावे एकदां बसविले म्हणजे प्रवासांत त्यांना सहसा हात लावावयाचा नसतो. एक तणावा डोलकाठीच्या शेंड्यापासून पुढें नाळेपर्यंत जातो, एक मागें पिछाडीपर्यंत येतो, आणि डावी-उजवीकडे प्रत्येक कुशीस दोन किंवा तीन उतरतात. बाजूच्या तणाव्यांपैकीं जो शेंड्यापासून निघतो तो उंच तणावा. तो सरळ खालीं न येतां डोलकाठीच्या मध्यावर बसविलेल्या एका आडव्या दांड्याच्या टोंकावरून वळून येतो. या दांड्याला आडकाठी म्हणावें. मराठींत त्या शब्दाला जी बदनामी आली आहे ती येथें मुळींच लागू नाहीं. ही आडकाठी नसेल तर डोलकाठी टिकावयाचीच नाहीं.

तें कसें, हें थोड्या हिशेबानें समजेल. शिडांत वारा भरला कीं तो डोलकाठीचा शेंडा एका बाजूस रेटतो, आणि ज्या बाजूनें वारा येत असेल त्या बाजूचा तणावा त्याला मागें धरून ठेवतो. पण नौका रुंदीला बेताची आणि डोलकाठी उंच, त्यामुळें तारेचा व डोलकाठीचा मधला कोन दहा-बारा अंशांचाच असतो. कोन बारा अंशांचा असेल, तर १०० किलोचा आडवा रेटा थोपविण्यास तारेंत सुमारें ४८० किलोचा ताण यावा लागतो. तोच कोन सहा अंशांचा झाला, तर ताण ९५० किलोंच्या वर जातो. आडकाठी तारेला डोलकाठीपासून दूर सारते व कोन मोठा राखते, हा तिचा उपकार. दुसरी गोष्ट याहून विसरण्यासारखी नाहीं. तारेच्या त्या ४८० किलोंपैकीं जवळजवळ सगळा भार डोलकाठीला खालीं दाबण्यांत खर्च होतो. तार आडवें धरते थोडें आणि खालीं ओढते फार. डोलकाठी ही वस्तुतः जड ओझें पेलणारा एक सडपातळ खांब आहे. असा खांब सरळ असेल तोंवर मोठा भार सोसतो. किंचित् वांकला कीं त्याची शक्ति झपाट्यानें घटते.

पूर्वीं हे तणावे डांबर लावलेल्या वाखाच्या दोरांचे असत. दोर भिजला कीं आखडे, उन्हांत वाळला कीं सैल पडे. तीन भोंकांच्या लांकडी चकत्यांमधून बारीक दोरी ओंवून खलाशी तो पुन्हां पुन्हां ताणून घेत. कोंकणच्या मचव्यांवर तणावे मोजकेच, आणि डोलकाठी पुढें झुकलेली. तिची गोष्ट निराळी आहे. पोलादी दोराचा जन्म समुद्रावर झाला नाहीं. जर्मनींत हार्झ पर्वतांतील खाणींमधून माल वर ओढतांना दोर व सांखळ्या तुटत, म्हणून व्हिल्हेल्म आल्बेर्ट या खाणींच्या अधिकाऱ्यानें १८३४ सालीं लोखंडी तारा पिळून दोर केला. तो पुढें जहाजांवर चढला. विसाव्या शतकांत न गंजणाऱ्या स्टेनलेस पोलादाची एकोणीस तंतूंची तार आली, आणि आज बहुतेक लहान नौकांवर तीच दिसते. वाखाचा दोर जास्त ओढला तर तो स्वतः लांबे आणि नौकेला सोडून देई. पोलाद तसें करीत नाहीं. तें नौकेलाच वांकवितें.

लांकडी नौकेचें मर्मस्थान कोणतें, याला मुंबईशीं संबंध असलेलें एक उदाहरण आहे. ब्रिटिश खलाशी सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहेली’ ही बत्तीस फुटी, दोन डोलकाठ्यांची नौका मुंबईस सागवानी लांकडांत, येथल्याच कारागिरांच्या हातून तयार झाली व १९६४ सालीं पाण्यांत उतरली. तिच्यांतून ते १४ जून १९६८ रोजीं इंग्लंडांतील फाल्मथ बंदरांतून एकटे निघाले, आणि कोठेंही न थांबतां पृथ्वीला प्रदक्षिणा घालून २२ एप्रिल १९६९ रोजीं त्याच बंदरांत परत आले. ३१२ दिवसांचा तो प्रवास होता, आणि तसा पराक्रम त्यापूर्वीं कोणीं केलेला नव्हता. प्रवासाच्या आरंभींच अटलांटिक महासागरांत कण्यालगतच्या फळ्यांचा सांधा पाणी देऊं लागला, तेव्हां त्यांना समुद्रांत बुड्या मारून ती फट कापसानें बुजवावी लागली. ही फट तणाव्यांमुळें पडली असें कोणीं समजूं नये. परंतु लांकडी नौका कोठें उघडते हें त्यावरून दिसून येतें. तो कणा आणि त्याला लागलेली पहिली फळी. आणि डोलकाठीचा सगळा भार टेकतो तोही त्याच जागीं.

आतां पुढचा व मागचा तणावा गच्च आवळला तर काय होईल? नौकेचीं दोन्ही टोंकें वर ओढलीं जातील आणि मध्यें डोलकाठी कण्याला खालीं दाबील. हें सरळ धनुष्यच झालें. नौका हा त्याचा दांडा, तार ही प्रत्यंचा आणि डोलकाठी हा बाण. नवें लांकूड हा खेंच सोसतें. पन्नास वर्षांच्या नौकेंत खिळे झिजलेले असतात, सांध्यांतला कापूस जीर्ण झालेला असतो. तेथें कण्याजवळून पाणी पाझरूं लागतें. फायबरग्लासच्या जुन्या नौका पाझरत नाहींत, पण त्याही निराळ्या रीतीनें बोलतात. खोलीचें दार, जें काल सहज लागत होतें, तें आज चौकटींत अडकतें. ज्या नौकांत डोलकाठी माथ्यावरच उभी असते, तेथें खालचा आधाराचा खांब कुजत असल्याचेंही हें लक्षण असतें. असें दार रंध्यानें तासण्यापूर्वीं तणावे थोडे सैल करून पाहावे. पुष्कळ मालक आधीं सुतारास बोलावतात.

म्हणून तणावे ढिले सोडावे काय? तसेंही नाहीं. ढिला तणावा प्रत्येक लाटेबरोबर झोल खातो आणि मग एकदम ताणला जातो. असे हजारों झटके तारेला व तिच्या टोंकांना शिणवितात. भर समुद्रांत डोलकाठी जाणें म्हणजे काय, हें २०१८ सालीं दिसलें. सुहेलीच्याच धर्तीवर गोव्यांत बांधलेली ‘थुरीया’ ही नौका घेऊन भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी जुन्या पद्धतीच्या नौकांच्या जागतिक शर्यतींत उतरले होते. २१ सप्टेंबर रोजीं हिंदी महासागराच्या दक्षिण भागांत, ऑस्ट्रेलियांतील पर्थ शहरापासून सुमारें १९०० सागरी मैलांवर, वादळानें ती नौका उलथली आणि डोलकाठ्या गेल्या. पाठीच्या कण्यास जबर इजा झालेले टॉमी तीन दिवस तशाच स्थितींत पडून होते. २४ सप्टेंबर रोजीं एका फ्रेंच जहाजानें त्यांना सोडविलें. त्या लाटांपुढें कोणत्याही जुळणीची मात्रा चालली नसती, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. टॉमी २०२२ सालीं पुन्हां त्याच शर्यतींत उतरले व २०२३ सालीं दुसरे आले, ही त्यापुढची हकीकत आहे.

आतां प्रत्यक्ष जुळणीकडे वळूं. जुन्या नौकेवर ओढाताणीपूर्वीं तपासणी व्हावी. स्टेनलेस तार वरून चकचकीत दिसते आणि टोंकाच्या नळींत, जेथें पाणी सांचतें व हवा पोंचत नाहीं, तेथें आंतून चिरते. तारेवरून कापसाचा बोळा फिरवावा. तुटका तंतु असेल तर कापूस त्याला अडकतो. उघडा हात फिरवूं नये, तो रक्ताळेल. एक तंतु जरी तुटलेला आढळला तरी ती तार काढून टाकावी. तणावे ज्या पट्ट्यांना अडकविलेले असतात त्यांच्या बुडाशीं तांबूस डाग आहे काय, आंतल्या बाजूस लांकूड काळवंडलें आहे काय, हें दिवा घेऊन पाहावें. तारेचें वय ठाऊक नसेल, किंवा तें दहा-पंधरा वर्षांपलीकडे गेलें असेल, तर नवी तार घालण्याचा खर्च निमूटपणें करावा.

जुळणी नौका पाण्यांत असतांना, वारा नसलेल्या सकाळीं करावी. जमिनीवर टेकूंवर ठेवलेल्या नौकेचा आकार थोडा बदललेला असतो, आणि तेथें घेतलेलें माप पाण्यांत खोटें ठरतें. प्रत्येक तणाव्याच्या खालच्या टोंकाला टर्नबकल असतें. त्याचे दोन पेच उलट-सुलट आट्यांचे असल्यामुळें मधला भाग फिरविला कीं दोन्ही टोंकें एकदम जवळ येतात. सर्व तणावे हातानें सैल करावे. मग डोलकाठीच्या शेंड्यावरून शीड चढविण्याच्या दोराला पोलादी फीत बांधून तिचें टोंक डाव्या व उजव्या कांठावर समोरासमोरच्या ठिकाणीं टेकवून पाहावें. दोन्ही मापें जुळलीं म्हणजे शेंडा मध्यावर आला. त्याच दोराला वजन टांगलें असतां ओळंबा मिळतो, व डोलकाठी मागें किती झुकली आहे तें दिसतें. एक-दोन अंश मागें झुकाव बहुधा शोभतो आणि मानवतोही. फार झुकाव दिला तर नौका सारखी वाऱ्याकडे तोंड वळवूं पाहते, आणि सुकाणूं धरणाऱ्याचे हात भरून येतात.

यानंतर उंच तणावे. येथें घाई नको. डावीकडे एक फेरा, उजवीकडे एक फेरा, आणि प्रत्येक फेरा वहींत टिपावा. दोन्ही तणावे लांबीनें व जाडीनें सारखे असल्यामुळें बोटानें छेडले असतां तानपुऱ्याच्या जोडाच्या तारांप्रमाणें एकच स्वर द्यावयास हवेत. कान तयार असेल त्याला फरक लगेच कळतो. पण जोड मिळाली म्हणजे ताण योग्य झाला असें नव्हे. त्याला माप पाहिजे, आणि तें साध्या पट्टीनेंही घेतां येतें. तार सैल असतांना तिच्यावर बरोबर दोन मीटर अंतर आंखून घ्यावें. तार ताणल्यावर तें अंतर एक मिलिमीटरनें वाढलें, तर एकोणीस तंतूंच्या स्टेनलेस तारेंत तिच्या तुटण्याच्या मर्यादेच्या सुमारें ५ टक्के ताण आला असें समजावें. तार जाड असो कीं बारीक, हा हिशेब बदलत नाहीं. नव्या, भक्कम नौकेवर उंच तणाव्यांस १५ ते २० टक्के ताण देतात. जुन्या नौकेस १० टक्के, फार तर १५, एवढ्यावर थांबणें शहाणपणाचें. तार आणखी पुष्कळ सोसूं शकते हें खरें, परंतु मर्यादा तारेची नसून तिच्या खालच्या लांकडाची आहे.

खालचे तणावे उंच तणाव्यांहून थोडे कमी ताणावे. त्यांचें काम डोलकाठीचा मधला भाग जागेवर ठेवण्याचें. डोलकाठीच्या पायथ्याशीं गाल टेकवून, शिडाची खोबण जेथून वर जाते तिच्यावरून एक डोळा मिटून वर पाहावें. खोबण सुतासारखी सरळ दिसली पाहिजे. मध्यें उजवीकडे पोट आलें असेल, तर डावीकडचा खालचा तणावा अर्धा फेरा आवळावा आणि पुन्हां पाहावें. अर्ध्या अर्ध्या फेऱ्यानें कंटाळा येतो. परंतु येथें एकदम तीन फेरे देणाऱ्याचे सहा फेरे नंतर उलटे जातात. शेवटीं मागचा तणावा, नाळेकडची तार फारशी झोल खाणार नाहीं इतकाच.

खरी परीक्षा समुद्रावर. मध्यम वारा असावा, नौका पंधरा-वीस अंश कलून वाऱ्याला तिरपी चालावी. त्या वेळीं वाऱ्याच्या विरुद्ध बाजूचा उंच तणावा हाताला किंचित् मऊ लागावा. लोंबूं नये, आणि ताठही राहूं नये. ताठ राहिला तर गोदींत जास्त आवळला गेला आहे. पुन्हां खोबणीवरून वर पाहावें. दुरुस्ती करावयाची ती सैल बाजूवरच. भाराखालीं असलेला पेच जोरानें फिरविला तर त्याचे आटे जातात. मग नौका फिरवावी, आतां सैल पडलेल्या बाजूस तितकेच फेरे द्यावे, आणि पुन्हां पाहावें. असें दोन-तीन वेळां झाल्यावर डोलकाठी दोन्ही बाजूंना सारखीच उभी राहूं लागते. तेवढ्यांत खोलींत कोणास तरी पाठवून कण्याजवळची फळी कोरडी आहे ना, हेंही पाहून घ्यावें.

परत आल्यावर प्रत्येक टर्नबकलमध्यें स्प्लिट पिन घालून तिचीं टोंकें थोडीं फांकवावीं, नाहींतर सततच्या थरथरीनें पेच आपोआप उलगडतात. पिनेवर कापडी पट्टी गुंडाळावी, म्हणजे शीड फाटत नाहीं. मात्र सगळें टर्नबकल गुंडाळून बंद करूं नये, आंत पाणी सांचतें. तार नवी असेल तर पहिल्या चार-दोन सफरींत ती थोडी बसते, तेव्हां वहींतील फेऱ्यांचे आंकडे समोर ठेवून एकदां पुन्हां मापें घ्यावीं.