ठिगळ कीं नवें वस्त्र?

विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या आणण्याचें ठरलें, तेव्हां कुलाब्याच्या वेधशाळेपुढें मोठा पेंच पडला. पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध तेथें १८४१ पासून घेतले जात होते. विजेच्या प्रवाहानें ते बिघडणार हें उघड होतें. संचालक नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस यांच्या देखरेखीखालीं खाडीपलीकडे अलिबागेस नवी वेधशाळा उभी राहिली. परंतु १९०४ सालीं ती सुरू होतांच कुलाब्याची नोंद बंद झाली नाहीं. १९०६ पर्यंत दोन्ही स्थळीं एकाच वेळीं वेध घेतले गेले, त्यांतील फरक पारखला गेला, आणि मगच जुनें काम थांबलें. म्हणूनच नोंदींची परंपरा तुटली नाहीं.

संगणकाच्या आज्ञावल्या सांभाळणारांपुढें हाच प्रश्न नित्य येतो. ‘डेबियन’ या १९९३ सालीं आरंभिलेल्या संगणकप्रणालीचें उदाहरण घ्यावें. तिची स्थिर आवृत्ति साधारणतः दोन वर्षांनीं निघते. त्यानंतर तींत नवे गुण सहसा घालीत नाहींत. सुरक्षिततेचे व इतर गंभीर दोष मात्र दूर करतात. ७ एप्रिल २०१४ रोजीं ‘ओपनएसएसएल’ या गुप्त संदेशवहनाच्या आज्ञावलींत ‘हार्टब्लीड’ नांवाचें छिद्र उघडकीस आलें. मूळ कर्त्यांनीं १.०.१जी ही नवी आवृत्ति काढली. डेबियनच्या सातव्या आवृत्तींत मात्र १.०.१ई हीच ठेवून तेवढें छिद्र बुजविण्यांत आलें. नुसता आवृत्तीचा आंकडा पाहणारास ती सदोष भासली असती. वस्तुतः ती दुरुस्त झाली होती.

नवें तें निर्दोषच, असें नाहीं. २०२४ सालीं ‘एक्सझेड’ या आज्ञावलीच्या ५.६.० व ५.६.१ या ताज्या आवृत्तींतच कोणी चोरवाट घातल्याचें आढळलें. डेबियनची स्थिर आवृत्ति तींतून वांचली.

तथापि ठिगळालाहि मर्यादा आहे. काळ लोटतो तशी जुनी व नवी रचना एकमेकींपासून दूर जाते आणि नव्या घरासाठीं घडविलेला खिळा जुन्या भिंतींत बसेनासा होतो. शिवाय नवें यंत्र जुन्या प्रणालीस पुष्कळदां ओळखतांच येत नाहीं. अशा वेळीं नवी आवृत्तीच जुन्या पायावर बसेल अशी पुन्हां बांधून देतात. तिला ‘बॅकपोर्ट’ म्हणतात. डेबियन असे संच वेगळे ठेवते. ते मालकानें मागितल्यावांचून सहसा बसत नाहींत, आणि स्थिर संचाइतकी त्यांची कसोटी झालेली नसते.

तेव्हां निवड करतांना प्रथम हें पाहावें कीं, उणीव दोषाची आहे कीं गुणाची? दोष असेल तर ठिगळ पुरें. एखादा नवा गुण खरोखर अपरिहार्य असेल, तर तेवढीच एक आज्ञावली नवी आणावी. शेजारच्या चार उगाच बदलूं नयेत. जेथें रुग्णालयाच्या किंवा पेढीच्या नोंदी आहेत, तेथें तर अलिबागचा धडा गिरवावा: जुनें चालूं ठेवून नवें शेजारीं पारखावें, आणि मेळ बसल्यावरच जुन्यास निरोप द्यावा.