आधी खूण, मग अक्षर
कळफलकाशी ओळख : लेखांक ११

गेल्या रविवारी भाची फ्रेंचमधून पत्र टाइप करत बसली होती. पडद्यावर दोन खिडक्या उघड्या. एकीत पत्र, दुसरीत खुणांच्या अक्षरांची यादी. शब्दात डोक्यावर तिरकी रेघ असलेला ‘ई’ आला की यादीकडे जायचं, अक्षर उचलायचं, परत येऊन चिकटवायचं. अर्ध्या पानाला पाऊण तास गेला. शेवटी ती कंटाळून म्हणाली, “मामा, खुणा राहू देत ना. वाचणाऱ्याला कळेलच की.”

नाही कळणार. कुठली कळ दाबायची ते नंतर सांगतो. आधी हे पटायला हवं. फ्रेंचमध्ये ‘ऊ’ असा उच्चार होणारा, ओ आणि यू या दोन अक्षरांचा शब्द आहे. खूण नसली तर त्याचा अर्थ ‘किंवा’, यूवर खूण दिली तर ‘कुठे’. ‘तरुण’ या अर्थाच्या शब्दात यूच्या डोक्यावर छत्री ठेवली की त्याचा ‘उपास’ होतो. एका क्रियापदात ‘ई’वर तिरकी रेघ दिली तर ‘पाप करणे’, छत्री दिली तर ‘मासे पकडणे’. आपल्याकडे ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत जेवढं अंतर, तेवढंच हे. वेलांटी चुकली तर आपण खपवून घेत नाही. मग दुसऱ्याच्या भाषेतली का खपवावी?

आता कळांकडे वळू. आपल्याकडे मिळणाऱ्या संगणकांवर बहुधा अमेरिकी कळफलक असतो. ऑल्ट दाबून आकड्यांच्या वेगळ्या पट्टीवर ०२३३ मारलं की तिरक्या रेघेचा ‘ई’ उमटतो, हे पुष्कळांना माहीत असतं. पण लहान लॅपटॉपवर ती पट्टीच नसते, आणि प्रत्येक अक्षराला चार आकडे पाठ करणं ही काही भाषा लिहिण्याची रीत नव्हे. विंडोजमध्ये त्याहून चांगली सोय आहे. सेटिंग्जमध्ये भाषेच्या पानावर जा, इंग्रजीच्या पर्यायांत ‘युनायटेड स्टेट्स इंटरनॅशनल’ हा कळफलक जोडा. विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबली की जुना-नवा अदलाबदल होतो.

या कळफलकावर काही कळा मुक्या होतात. एकेरी अवतरणचिन्हाची कळ दाबा, काहीच उमटणार नाही. संगणक पुढच्या अक्षराची वाट पाहत असतो. मग ‘ई’ दाबा, तिरकी रेघ डोक्यावर घेऊनच ते अक्षर येतं. तीच कळ आणि नंतर ‘सी’ दाबलं तर सीच्या खाली शेपूट येतं. एक आकड्याच्या डावीकडची कळ उलटी रेघ देते, शिफ्टसह सहाचा आकडा छत्री देतो आणि दुहेरी अवतरणचिन्ह दोन टिंबं देतं. ही मुकी कळ टाइपरायटरची देणगी. खूण कागदावर उमटे, पण गाडा पुढे सरकत नसे, म्हणून पुढचं अक्षर तिच्याच खाली बसे. मराठी टाइपरायटर वापरलेल्यांना हे परकं वाटणार नाही; तिथंही पहिली वेलांटी आधी मारावी लागे आणि व्यंजन मागून. आजच्या इनस्क्रिप्टवर मात्र व्यंजन आधी, वेलांटी नंतर. म्हणून फ्रेंच टाइप करताना बोटांना एवढंच सांगायचं : आधी खूण, मग अक्षर.

भाची फसली ती पुढच्या पायरीवर. फ्रेंच वाक्यात लोपचिन्ह पावलोपावली येतं. ‘हे आहे’ या अर्थाचा ‘से’ लिहिताना सी, मग लोपचिन्ह, मग ई, एस, टी असा क्रम असतो. तिनं तसंच टाइप केलं, तर लोपचिन्ह नाहीसं झालं आणि ‘ई’च्या डोक्यावर रेघ चढून बसली. कारण दोन्हींची कळ एकच. उपाय सोपा आहे : लोपचिन्ह हवं असेल तेव्हा त्या कळेनंतर स्पेस दाबायची. मोकळी जागा सुटत नाही, फक्त चिन्ह उमटतं. दोन दिवस चुकेल, तिसऱ्या दिवशी अंगठा आपोआप स्पेसवर जाईल.

मग खुद्द फ्रान्समध्ये काय करतात? तिथला ‘अझर्टी’ कळफलक वेगळा. वरच्या ओळीत दोनच्या कळेवर तिरक्या रेघेचा ‘ई’, सातवर उलट्या रेघेचा, नऊवर शेपटीचा ‘सी’, शून्यावर रेघेचा ‘ए’ सरळ मिळतो. आकड्यांसाठीच शिफ्ट धरावी लागते. आपल्या अक्षरांना आकड्यांच्या पुढे बसवलं, हे मला फार आवडतं. पण याच मांडणीत एक मोठी उणीव आहे. शिफ्ट धरली की आकडा उमटतो, म्हणून खुणेचं मोठं अक्षर सरळ मिळतच नाही. त्यामुळे मोठ्या अक्षरांवर खुणा नकोत असा समज तिथंही पसरला. फ्रेंच अकादमीचं म्हणणं स्पष्ट आहे : मोठ्या अक्षरावरही खूण शुद्धलेखनाचा भाग आहे. मोठ्या अक्षरांतल्या मथळ्यात शेवटच्या ‘ई’वरची खूण गाळली, तर ‘पोलीस ठार’चं ‘पोलीस ठार करतो’ होऊ शकतं. २०१६ साली फ्रान्सच्या संस्कृती मंत्रालयानंच मान्य केलं की देशात विकल्या जाणाऱ्या कळफलकावर शुद्ध फ्रेंच लिहिणं जवळजवळ अशक्य आहे. त्यानंतर ‘आफ्नोर’ या मानक संस्थेनं एप्रिल २०१९ मध्ये सुधारित मांडणी जाहीर केली. ती ऐच्छिक आहे. आपण आत्ता जोडलेल्या कळफलकावर मात्र मुकी कळ आणि मग शिफ्टसह ‘ई’, एवढ्यावर काम होतं.

एकच अक्षर इथंही नाही : ‘हृदय’ आणि ‘बहीण’ या शब्दांतला ओ आणि ई यांचा जोड. वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि सात एकत्र दाबून सोडा, मग ‘ओ’ दाबा.

फ्रेंच शिकणाऱ्या प्रत्येकानं हा कळफलक आजच जोडून घ्यावा, आणि पहिलं पत्र मोठ्या अक्षरांवरच्या खुणांसकट लिहावं. मॅक आणि मोबाइलची रीत वेगळी आहे. ती पुढच्या आठवड्यात.