वात सांध्यांत, धोका हृदयाला

आपल्याकडे ‘वाताचा त्रास’ या दोन शब्दांत कितीतरी आजार कोंबलेले असतात. आजीचे झिजलेले गुडघे म्हणजे वात, काकांच्या पायाचा अंगठा सुजवणारं युरिक ॲसिड म्हणजे वात, आणि माझ्या आईची सकाळी तासभर मूठ वळत नाही तोही वातच. यातला शेवटचा आजार मात्र वेगळा आहे. त्याचं नाव ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. मराठीत त्याला बरेच जण आमवात म्हणतात. ही वयाप्रमाणे होणारी झीज नव्हे. यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हा आजार दोन ते तीन पट जास्त दिसतो.

आई साताऱ्यात, मी इंग्लंडमध्ये लीड्सला. आमच्यासारखी घरं या सदराच्या वाचकांमध्ये भरपूर असतील. व्हिडिओ कॉलवर आपण ‘हात कसे आहेत, गुडघे कसे आहेत’ एवढं विचारतो. हृदयाचं सहसा कुणी विचारत नाही. ते का विचारायला हवं, त्यासाठी हा लेख.

आमवात असलेल्या माणसाला हृदयविकाराचा धोका त्याच वयाच्या इतरांपेक्षा साधारण दीडपट असतो. संधिवातावर काम करणाऱ्या युरोपीय तज्ज्ञांच्या ‘युलार’ या संघटनेने तर सांगूनच ठेवलंय, की धोका मोजण्याच्या पद्धतीत आमवात धरलेला नसेल, तर आलेल्या उत्तराला दीडने गुणा. कारण सांध्यांत जो दाह चालू असतो, तो तिथेच थांबत नाही. दाह वाढवणारी रसायनं रक्तातून सगळीकडे फिरतात, रक्तवाहिन्यांच्या आतल्या थराला इजा करतात आणि तिथे चरबीचे थर साचायला मदत करतात. शिवाय सांधे दुखतात म्हणून चालणं कमी होतं आणि वजन वाढतं.

यात फसवणारी गोष्ट म्हणजे कोलेस्टेरॉल. मागच्या वर्षी आईचा रिपोर्ट नॉर्मल आला. शेजारच्या काकू म्हणाल्या, “वहिनी, तुमचं हृदय एकदम ठणठणीत!” पण आमवात जोरात असताना रक्तातलं कोलेस्टेरॉल उलट कमी दिसतं आणि धोका मात्र वाढलेला असतो. औषधांनी दाह आटोक्यात आला, की तोच आकडा थोडा वर सरकू शकतो. त्यामुळे ही तपासणी आजार शांत असताना करावी, असं तज्ज्ञ सांगतात. केवळ एका कागदावर ‘नॉर्मल’ लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नये.

दुसरा मुद्दा वेदनाशामक गोळ्यांचा. ‘व्हायॉक्स’ हे सांधेदुखीवरचं गाजलेलं औषध हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो म्हणून २००४ मध्ये जगभरातून मागे घेतलं गेलं. डायक्लोफिनॅकसारखी गोळी आपल्याकडे सहज मिळते, पण हृदयविकार असलेल्यांनी ती घेऊ नये असं ब्रिटनच्या औषध नियामकांनी २०१३ मध्ये स्पष्ट केलं. स्टेरॉइडने बरं वाटतं, पण जास्त डोस दीर्घकाळ घेतला तर रक्तदाब आणि साखर वाढते. आणि ‘वातावर रामबाण’ म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या? त्यांत गुपचूप स्टेरॉइड मिसळल्याचं आढळलेलं आहे. दोन दिवसांत चमत्कार दिसला, तर आनंदाआधी शंका यायला हवी.

याउलट आजार मुळातून आवरणारी औषधं हृदयाच्याही बाजूने असतात. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या आमवाताच्या रुग्णांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण कमी दिसलं आहे. मात्र ही गोळी आमवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. डबीवर वार लिहून ठेवा.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे इथल्या डॉक्टरांचं ‘क्यूरिस्क’ नावाचं गणित मला आवडतं. पुढच्या १० वर्षांत हृदयविकार किंवा पक्षाघात होण्याची शक्यता ते टक्क्यांत सांगतं. त्यात वय, रक्तदाब, धूम्रपान, मधुमेह यांच्याबरोबर आमवात आहे का, नियमित स्टेरॉइड चालू आहे का, हेही विचारतात. वंशाच्या रकान्यात ‘भारतीय’ असा वेगळा पर्यायसुद्धा आहे. ते ब्रिटनच्या लोकसंख्येवर बेतलेलं आहे, त्यामुळे साताऱ्यातल्या आईला ते जसंच्या तसं लावता येणार नाही. पण त्यातली प्रश्नांची यादी मात्र कुठेही उपयोगी पडते.

लक्षणंही दगा देतात. फार चालणंच होत नाही, म्हणून चालताना छातीत दुखण्याचा प्रसंग येत नाही. जबडा, खांदा किंवा पाठ दुखली, की ‘वातच असेल’ म्हणून बाम चोळला जातो. स्त्रियांमध्ये धाप, मळमळ, घाम आणि विलक्षण थकवा एवढीच लक्षणं असू शकतात.

मग इतक्या लांबून आपण काय करायचं? सुट्टीत घरी जाल तेव्हा सगळ्या गोळ्या टेबलावर मांडा आणि त्यांचे फोटो काढून ठेवा. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्याही त्यात हव्यात. संधिवाताच्या डॉक्टरांना थेट विचारा, “हृदयाचा धोका शेवटचा कधी मोजला?” निदान दर ५ वर्षांनी आणि औषधांत मोठा बदल झाल्यावर तो मोजावा, अशी युलारची शिफारस आहे. घरात रक्तदाबाचं यंत्र ठेवा. तंबाखू कोणत्याही रूपात नको, मिश्रीही तंबाखूच. सांधे झेपतील तेवढं रोज चालणं हवं. मात्र नेटवर काही वाचून कुठलंही औषध स्वतः बंद करू नका, लेख वाचूनही नाही.

आणि एक शेवटचं काम, जे आजच होण्यासारखं आहे. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर आई आधी आपल्याला फोन करेल, आणि आपण हजारो किलोमीटर लांब असू. तिच्या फ्रिजवर मोठ्या अक्षरांत १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक आणि जवळच्या एका माणसाचा नंबर चिकटवा. तिला बजावून सांगा, “आधी यांना फोन कर, मग मला.”